समुद्रापलीकडील सावड



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत इतिहासपर असा एक लेख मी लिहावा, असे समितीने मला सुचविले. अशा लेखांत पायाभरणी केव्हा झाली, घंटा कोणी अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरू येऊन गेले, ह्यांची हकीकत द्यावयाची वहिवाट आहे. ते काम ह्याच पुस्तिकेत इतरांनी केले आहे, म्हणून त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. पवित्र शास्त्रातील लेवीय ग्रंथात महोत्सवी वर्षाची जी आज्ञा सांगितली आहे, तीत वास्तूंचे नाव नाही, ऋणाचे आहे. पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकावे, गहाण पडलेले शेत मूळ धन्यास परत द्यावे, दास झालेल्यास मोकळे करावे, हा तिचा आशय. तेव्हा महोत्सव म्हणजे प्रथम हिशेबाची वही उघडून आपण कोणाचे काय देणे लागतो हे पाहणे होय. आपल्या वऱ्हाडाच्या वहीत असे एक जुने देणे लिहिलेले आहे. त्याची आठवण करून द्यावी एवढाच ह्या लेखाचा हेतू.

ह्या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते एका प्रश्नामुळे. सन २०२५ च्या मार्च महिन्याच्या २८ तारखेस ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारात, मोठा भूकंप झाला. प्रायश्चित्तकाळ चालू होता, आणि तेथील आपद्ग्रस्तांसाठी वर्गणी गोळा करावी अशी सूचना मी मिस्सानंतर मांडली. तेव्हा आपल्यातील एक वडीलधारे शेतकरी उठून म्हणाले, "फादर, आमच्या नांदगाव खंडेश्वराच्या पंचक्रोशीत कपाशीला भाव नाही, कर्जापायी घरचा कर्ता माणूस जीव देतो, आणि आपण समुद्रापलीकडच्या माणसाला काय पाठवणार?" हा प्रश्न कद्रूपणाचा नव्हता, जळत्या मनातून आलेला होता. मी त्या दिवशी जे उत्तर दिले ते मलाच अपुरे वाटले. पुढे ह्या विषयीचे जुने वृत्तान्त वाचताना पुरे उत्तर सापडले. ते असे की, एकेकाळी जगाच्या दृष्टीने 'समुद्रापलीकडचा माणूस' म्हणजे आपणच होतो.

'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केली नाही. काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन. ज्वारी, तूर व कापूस ही भरवशाची पिके. आणि १८६७ साली नागपुरापर्यंत पोहोचलेली आगगाडी, जिच्यामुळे अमरावती आणि खामगाव येथील कापूस थेट मुंबईच्या बंदरास जाऊ लागला. नांदगाव खंडेश्वर तेव्हा चांदूर तालुक्यात मोडत असे. टेकडीवरील खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळातून भोवताली पाहावे तो जिकडे तिकडे शेतेच शेते. अशा मुलखाने दुष्काळाची तयारी ती काय करावी? पाटाचे पाणी येथे जवळजवळ नव्हतेच. पाऊस कधी दगा देत नाही ह्या विश्वासावर शेतकऱ्याचा संसार चाले.

तो विश्वास सन १८९९ च्या पावसाळ्याने मोडला. त्यापूर्वी १८९६-९७ साली एक दुष्काळ येऊन गेलाच होता. परंतु वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर १८९९-१९०० चा फेरा त्याहून फारच भयंकर होता. हिंदी महासागरावरून येणारे मोसमी वारे त्या वर्षी दुबळे का झाले, ह्याचा उलगडा आता शास्त्रज्ञांनी केला आहे. पॅसिफिक महासागराचे पाणी काही वर्षी प्रमाणाबाहेर तापते आणि त्याचा परिणाम आपल्या पर्जन्यावर होतो. त्यास एल निनो असे म्हणतात. म्हणजे आपल्या शेतातील ज्वारीचे कणीस वाळले त्याचे कारणही समुद्रापलीकडेच होते. गुजरात व राजपुतान्यात हा दुष्काळ विक्रम संवत १९५६ वरून 'छप्पनिया' ह्या नावाने आजही स्मरणात आहे.

दाण्याच्या अगोदर वैरण संपली. बैल गेले म्हणजे नांगर गेला, मोट गेली आणि गाडीही गेली; पुढल्या वर्षी पाऊस पडला तरी पेरावयाचे कशाने, हा प्रश्न आदल्या वर्षीच उभा राहिला. आगगाडी होती, तेव्हा परमुलखातून धान्य येऊ शकत होते आणि ते येतही होते. परंतु ज्याच्या हातास काम नाही त्याच्या गाठीस पैका नाही, आणि ज्याच्या गाठीस पैका नाही त्याला स्टेशनावर आलेल्या पोत्यांचा काय उपयोग? मजूर प्रथम मेले ते ह्यामुळेच. सरकारने खडी फोडण्याची व तळी खणण्याची कामे काढली, अन्नछत्रे उघडली; पण अशक्त झालेल्या गर्दीत पटकी शिरली आणि उपासमारीने सोडले त्यांना तिने गाठले. ह्या साऱ्याचा सार शिरगणतीच्या दोन आकड्यांत दिसतो. सन १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती. १९०१ साली ती २७,५४,०१६ भरली. ज्या दहा वर्षांत माणसे वाढावयाची, त्या दहा वर्षांत १,४३,४७५ माणसे कमी झाली. नांदगावाएवढी किती गावे ह्या आकड्यात मावतील, ह्याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा.

येथे एक योग ध्यानात घेण्यासारखा आहे. पोप तेरावे लिओ ह्यांनी १९०० हे पवित्र वर्ष म्हणून घोषित केले होते. १८९९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी रोमेत पवित्र द्वार उघडले, तेव्हा इकडे वऱ्हाडातील माणसे घराची दारे लावून पोटासाठी बाहेर पडली होती. बरोबर सव्वाशे वर्षांनी, २०२५ साली, पुन्हा पवित्र वर्ष आले, आणि त्याच वर्षी म्यानमारातील भूकंपाची वार्ता आपल्या कानी पडली. महोत्सवाने दोन्ही वेळा एकच प्रश्न पुढे ठेवला. फक्त पहिल्या खेपेस आपण घेणारे होतो.

त्या संकटकाळी समुद्रापलीकडून जे हात पुढे आले, त्यांच्या दोन वाटा मला दिसतात. एक फ्रान्साकडून आली, दुसरी अमेरिकेतून.

पहिली वाट आपल्या कॅथॉलिक मंडळीच्या ओळखीची आहे, तरी तिचा उगम पुष्कळांस ठाऊक नसेल. फ्रान्सातील लिओं हे रेशमी कापडाच्या मागांचे शहर. तेथील पोलीन जारिको नावाच्या एका तरुण स्त्रीने एक साधी युक्ती काढली. दहा दहा माणसांचा एक गट करावा. प्रत्येकाने आठवड्यास एक सू, म्हणजे तिकडील अगदी हलके नाणे, द्यावा. गटाच्या प्रमुखाने ते गोळा करून वर पोहोचवावे. गिरणीत राबणाऱ्या मुलीसही जे जड जाणार नाही, असे हे दान. ह्यातूनच १८२२ साली धर्मप्रसारसाहाय्यक संस्था उभी राहिली आणि जगभरच्या मिशनांस तिचा आधार झाला. पुढे १८४३ साली लहान मुलांनी दूरदेशीच्या मुलांसाठी द्यावयाच्या पैशांतून 'पवित्र बालपण' ही संस्था निघाली. आनेसी येथे फादर मेर्मिये ह्यांनी १८३८ साली स्थापिलेल्या संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या मिशनरी संघाचे धर्मगुरू १८४५ साली हिंदुस्थानास निघाले, आणि त्यांच्याच श्रमांतून १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत झाला. वऱ्हाड त्याच धर्मप्रांतात होता. अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत व्हावयास पुढे १९५५ साल उजाडावे लागले. दुष्काळाच्या वर्षी नागपुरास बिशप पेल्वा हे होते. तेही १९०० सालीच देवाघरी गेले. त्या मिशनरींच्या हाती जो पैसा असे, तो श्रीमंतांच्या तिजोरीतून आलेला नव्हता. लिओंच्या विणकराने आठवड्यामागे बाजूस ठेवलेला सू त्यात होता. पोलीन स्वतः पुढे कर्जात बुडून दारिद्र्यात वारली. २०२२ साली ख्रिस्तसभेने तिला धन्यवादित म्हणून घोषित केले.

दुसरी वाट प्रॉटेस्टंट बंधूंची. त्या काळी दोन्ही मंडळ्यांत फारसे सख्य नव्हते, आणि जुन्या लेखांत एकमेकांच्या कार्याचा गौरव सहसा आढळत नाही. म्हणूनच आज तो मोकळ्या मनाने करणे मला कर्तव्य वाटते. न्यूयॉर्क येथून 'ख्रिश्चन हेरल्ड' नावाचे एक धार्मिक साप्ताहिक निघत असे. लुई क्लॉप्श हे त्याचे चालक. हिंदुस्थानातील दुष्काळाच्या वार्ता त्यांनी आपल्या वाचकांपुढे मांडल्या आणि गावोगावच्या चर्चमधून धान्य व पैसा जमू लागला. १८९७ साली 'सिटी ऑफ एव्हरेट' नावाची आगबोट सुमारे २,६०० टन मका घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून कलकत्त्यास आली. जहाजाचे भाडे अमेरिकन सरकारने सोसले; दाणा लोकांनी दिला. इंडियाना प्रांतातील मेनोनाइट पंथाचे जॉर्ज लॅम्बर्ट हे धर्मोपदेशक वाटपाची व्यवस्था पाहण्यास स्वतः हिंदुस्थानात आले, मुलूख फिरले, आणि जे दिसले ते त्यांनी परत जाऊन ग्रंथरूपाने आपल्या लोकांस सांगितले.

पुढे १९०० साली मे महिन्यात 'किटो' ही आगबोट दोन लाख बुशेल मका भरून न्यूयॉर्कहून निघाली व मुंबईस आली. त्याच साप्ताहिकाच्या वाचकांनी त्या वर्षी हिंदुस्थानासाठी सहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमविली, आणि अनेक अनाथ मुलांच्या पोषणाचा वार्षिक खर्च एकेका घराने आपल्या अंगावर घेतला. दोन लाख बुशेल म्हणजे किती, ह्याचा अंदाज आपण करू. मक्याचा एक बुशेल ५६ पौंडांचा. तेव्हा सारे धान्य १ कोटी १२ लाख पौंड, म्हणजे आपल्या जुन्या मापाने सुमारे १,३६,००० पक्के मण झाले. माणशी दररोज एक पौंड धरला, तर एक लाख माणसांस ते ११२ दिवस पुरेल. परंतु हेच धान्य एकट्या वऱ्हाडातील सर्व माणसांस वाटले असते, तर चार दिवसांत संपले असते. केवढे मोठे दान आणि केवढे तोकडे! दान करणाऱ्याने ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धराव्या. पहिली निराशेपासून राखते, दुसरी गर्वापासून.

धान्य बंदरात उतरले म्हणजे काम संपले असे नव्हे. खरे काम तेथून सुरू झाले. मुंबईत निरनिराळ्या मिशनांच्या प्रतिनिधींची एक समिती होती, आणि वाटपाच्या कामात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. रॉबर्ट ह्यूम हे पुढाकाराने राबत होते. हे ह्यूम जन्माने मुंबईचेच. १८४७ साली भायखळ्यास जन्मलेले. मिशनरीच्या घरी मराठी मुलखात जन्मलेला आणि सारी हयात नगरच्या खेड्यांत घालविलेला हा माणूस. कोणत्या तालुक्यात पाणी आहे, कोठे गाडी जाते व कोठे जात नाही, अमुक वस्तीत कोण कोणाच्या हातचे खातो, हे त्यास विचारावे लागत नव्हते. सरकारने १९०१ साली त्यांस 'कैसर-ए-हिंद' हे सुवर्णपदक दिले.

अडचणींचा विचार करून पाहावा. मका हे वऱ्हाडी माणसाचे नित्याचे अन्न नव्हे. ज्वारीची भाकरी थापणाऱ्या हातांस मक्याचे पीठ वळत नाही. अख्खा दाणा कठीण, जात्यावर दळावयास जोर हवा, आणि उपाशी बाईच्या दंडात जोर कोठून असणार? कच्चा-अर्धा शिजवून खाल्ला तर रिकामे आतडे तो सोसत नाही. शिवाय आगगाडी धान्य बडनेरा किंवा चांदूर स्टेशनापर्यंत आणील. तेथून खेड्यावर नेण्यास बैल हवे, आणि बैल तर अगोदरच मेलेले. म्हणून अशा दानाचा शेवटचा दहा कोसांचा प्रवास हा पहिल्या दहा हजार मैलांहून कठीण असतो. तो प्रवास जहाजाने होत नाही. त्या गावची भाषा जाणणारा, गावाच्या विश्वासातला कोणीतरी माणूस असावा लागतो.

आता देणारे कोण होते ते पाहू. कारण आपल्या वडीलधाऱ्या शेतकरीबंधूंच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. १८९७ साली ज्या कॅन्सस व नेब्रास्का प्रांतांनी मका दिला, ते प्रांत सुखात लोळत होते असे कोणी समजू नये. १८७४ साली त्यांच्या शेतांवर टोळधाड आली होती. आकाश काळवंडून टोळ उतरले आणि उभे पीक, झाडांची पाने, इतकेच नव्हे तर वाळत घातलेले कपडेही त्यांनी कुरतडले. त्या वर्षी ह्याच शेतकऱ्यांस पूर्वेकडील शहरांतून अन्नवस्त्र पाठवावे लागले. फौजेच्या कोठारांतील जुने कोट आणि बूट त्यांनी घातले. पुढे पिके आली तर भाव पडले; १८९० नंतरच्या दशकात काही ठिकाणी मका विकण्यापेक्षा शेगडीत जाळणे स्वस्त पडे. भाव पडलेला शेतकरी, कर्जात असलेला शेतकरी, तीन सालांपूर्वी अवर्षण सोसलेला शेतकरी. आपल्या कापूसवाल्या बंधूहून हा कितीसा निराळा? त्यानेही सभेत उठून विचारले असेल की, आमचेच घर गळते, आम्ही हिंदुस्थानास काय पाठवावे? आणि तरी त्याने मक्याचे पोते गाडीत चढविले.

आणखी ऐका. 'किटो' आगबोट ज्या वर्षी मुंबईस आली, त्याच १९०० सालच्या सप्टेंबरच्या ८ तारखेस टेक्सास प्रांतातील गॅल्व्हेस्टन शहरावर समुद्री वादळ आदळले. सहा हजारांहून अधिक माणसे गेली. अमेरिकेच्या इतिहासात एवढी प्राणहानी करणारे दुसरे नैसर्गिक संकट झालेले नाही. म्हणजे दाता म्हणून मे महिन्यात जो देश उभा होता, तो सप्टेंबरात स्वतःच आपद्ग्रस्त झाला. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे देवाने कायमचे वाटून दिलेले नाही.

आपल्या खेड्यांत सावड नावाची एक रीत आहे. दोन शेतकऱ्यांपाशी एकेकच बैल असला, तर दोघे मिळून जोडी करतात. आज माझे शेत, उद्या तुझे. त्यात कोणी उपकार करीत नाही आणि कोणी उपकृत होत नाही. ज्याची पाळी त्याचे काम. मला वाटते, ख्रिस्ती परोपकाराचा खरा अर्थ ह्या एका वऱ्हाडी शब्दात जेवढा उतरतो तेवढा दुसऱ्या कशात उतरत नाही. समुद्र आडवा आला म्हणून सावड मोडत नाही. पाळी फिरावयास फार तर अधिक वर्षे लागतात.

ही पाळी हिंदुस्थानाकडूनही फिरलेली आहे. आयर्लंडात बटाट्यावर रोग पडून १८४५ पासून जो भीषण दुष्काळ पडला, त्याच्या निवारणासाठी १८४६ साली कलकत्त्यात निधी उघडण्यात आला आणि सुमारे १४,००० पौंड जमवून पाठविण्यात आले. डब्लिन येथे त्याच्या विश्वस्तांत तेथील कॅथॉलिक आर्चबिशप व प्रॉटेस्टंट आर्चबिशप हे दोघेही एकत्र बसले होते. ज्या देशात एरवी ह्या दोघांचा विटाळ होता, तेथे परक्याच्या पैशाने त्यांस एका मेजाशी बसविले, हेही त्या दानाचे फळच म्हणावयाचे.

परंतु इतिहास लिहिणाऱ्याने गोड तेवढेच सांगू नये. दुष्काळाच्या वर्षांत मिशनांनी अनाथ मुले सांभाळली, त्यांस बाप्तिस्मा दिला, आणि त्यांच्या वंशजांपैकी काही कुटुंबे आज वऱ्हाडात ख्रिस्ती म्हणून नांदत आहेत. त्यावरून 'दुष्काळी ख्रिस्ती' हा टोमणा निघाला, व तो आपल्या कित्येकांच्या आजोबांनी शाळेत, पाणवठ्यावर ऐकला आहे. भाकरीच्या बदल्यात धर्म घेतला, हा त्याचा आशय. मी ह्यास रागाने उत्तर देणार नाही. जे मूल रस्त्याकडेला टाकलेले सापडले, त्यास उचलणारा हात त्या क्षणी त्याचा धर्म विचारीत बसला असता, तर तेच पाप झाले असते. पंडिता रमाबाई ह्यांनी १८९६-९७ साली मध्यप्रांतात जाऊन अनाथ मुली केडगावास आणल्या, त्या मुलींच्या डोळ्यांत त्यांस स्वतःचे बालपण दिसले असेल. कारण त्यांचे आईबाप व बहीण अशाच दुष्काळात भुकेने गेली होती. तथापि हेही कबूल केले पाहिजे की, उपाशी माणसाने दिलेला होकार हा मोकळा होकार नसतो, आणि ज्याच्या हाती भाकरी आहे त्याने दुसऱ्या हातात अट धरू नये. त्या टोमण्याचे खरे उत्तर शब्दांनी देता येणार नाही. ज्यांच्यापासून आपणास काहीही मिळावयाचे नाही, जे आपल्या धर्माचे नाहीत, ज्यांचे नावही आपणास ठाऊक नाही, त्यांस काहीही न मागता देणे हेच त्याचे उत्तर. म्यानमारातील बौद्ध शेतकऱ्यास आपण दहा रुपये पाठवितो, तेव्हा आपल्या आजोबांवरील तो डाग आपण धुऊन काढीत असतो.

ह्या कामाची रीत आपणास नव्याने शोधावयाची नाही. प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे की, क्लौद्य बादशहाच्या काळी दुष्काळ पडणार अशी वार्ता अंत्युखियाच्या मंडळीस कळली, तेव्हा प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बंधूंस मदत पाठविण्याचे ठरविले, आणि ती बर्णबा व शौल ह्यांच्या हाती रवाना केली. पुढे संत पौलाने करिंथच्या मंडळीस अशाच वर्गणीविषयी लिहिताना तीन गोष्टी शिकविल्या. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडेथोडे बाजूस ठेवावे. मंडळीने निवडलेला विश्वासू माणूस ते घेऊन जावा. आणि पैशाच्या बाबतीत कोणास बोट दाखविण्यास जागा राहू नये. लिओंचा सू हा पहिल्या शिकवणुकीतून आला. लॅम्बर्ट आणि ह्यूम हे दुसरीचे उदाहरण. तिसरी आपण विसरतो, आणि तेथेच घात होतो.

ह्या शिकवणुकीकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, हे माझ्याच चुकीवरून सांगतो. सन २०१५ च्या एप्रिलच्या २५ तारखेस नेपाळात भूकंप झाला, तेव्हा मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. उत्साहाच्या भरात मी कपडे आणण्याचे आवाहन केले. आठ दिवसांत सभागृह भरले. फाटकी पातळे, बटणे तुटलेले सदरे, एकेरी चपला, लग्नातील झगमगीत फ्रॉक! गाठोडी बांधताना शेतमजुरी करणारी एक म्हातारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "फादरजी, तिकडं डोंगरात तं थंडी लय असन. हे फाटकं पातळ कोनाच्या कामी येईन जी?" मी निरुत्तर झालो. एवढा साधा प्रश्न मी, शिकलेल्या माणसाने, कोणास विचारला नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की, तेथे पावसाळ्यापूर्वी डोक्यावर घालावयास ताडपत्री हवी. काठमांडूच्या विमानतळावर सामानाची कोंडी झाली आहे. आणि आमची गाठोडी तेथवर नेण्याचे भाडे त्या कपड्यांच्या किमतीहून अधिक होईल. २००४ सालच्या त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या रस्त्यांवर असेच जुन्या कपड्यांचे ढीग कुजत पडले होते, हे मी वाचलेले असूनही विसरलो होतो. शेवटी धडके कपडे आसपासच्या गरजूंस दिले, उरलेल्यांच्या चिंध्या झाल्या, आणि नव्याने पैसे जमवून ते बिशपमहाशयांच्या कचेरीमार्फत पाठविले. रक्कम मोठी नव्हती. पण त्या म्हातारीने एका दिवसाची मजुरी तीत घातली होती.

घेणाऱ्याच्या बाजूनेही हाच धडा आपल्या मुलखास मिळालेला आहे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली 'मिलो' नावाची लाल ज्वारी आपल्या आईबापांनी खाल्ली. तिची भाकरी धड वळत नसे आणि घशाखाली उतरत नसे, हे माझ्या आईच्या तोंडून मी कितीदा ऐकले. परंतु त्याच श्वासात ती म्हणे की, त्या मिलोने आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीने आम्ही जगलो. दोन्ही खरे. शेतातील गाजरगवताचे बीही परदेशी गव्हातूनच आले असे मानले जाते. दान आंधळेपणाने केले तर धान्याबरोबर तणही पोहोचते. म्हणून दान थांबवावे असे नव्हे, डोळे उघडे ठेवावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, तेव्हाही देशोदेशींची मदत आपल्या मराठी मातीवर उतरली. म्हणजे १९०० चे ऋण फिटले नाहीच. त्यात भर पडत गेली.

आता आपल्या त्या वडीलधाऱ्या बंधूंस माझे उत्तर. आपल्या पंचक्रोशीतील दुःखाकडे पाठ फिरवून दूर पाहा, असे मी म्हणत नाही. ज्या घरचा कर्ता गेला त्या घरी आधी गेले पाहिजे. तेथे न जाणाऱ्याची ब्रह्मदेशास पाठविलेली वर्गणी देवास पोहोचेल की नाही ह्याची मला शंका आहे. परंतु मन एकदा जवळच्यासाठी उघडले म्हणजे ते दूरच्यासाठी बंद ठेवता येत नाही. सू देणाऱ्या लिओंच्या विणकराचा माग कित्येकदा बंद असे. कॅन्ससच्या शेतकऱ्याचे घर गहाण असे. त्यांनी आपली गरिबी संपण्याची वाट पाहिली असती, तर वऱ्हाडात जी काही तोंडे त्या घासावर जगली ती जगली नसती. आणि कोण जाणे, हा लेख लिहिणारा किंवा वाचणारा आपल्यातील एखादा जन्मासच आला नसता.

म्हणून ह्या महोत्सवी वर्षी मी आपल्या मंडळीपुढे एक साधी विनंती ठेवतो. प्रत्येक घरात एक लहानशी पेटी असावी. रविवारी त्यात जे जड जाणार नाही ते टाकावे. पाच रुपये पुरेत. अर्धा भाग आपल्या पंचक्रोशीतील आपद्ग्रस्त घरांसाठी, अर्धा समुद्रापलीकडच्यांसाठी. १९६२ पासून आपल्या देशात काम करणारी करितास इंडिया ही आपल्या ख्रिस्तसभेची संस्था आहे. तिच्यामार्फत ते जावे. कोठे काय हवे हे आधी विचारावे. वस्तूऐवजी पैसा पाठवावा. आणि पै-पैचा हिशेब वर्षातून दोनदा चर्चच्या दारावर, सर्वांस वाचता येईल अशा अक्षरात, लावावा. तो हिशेब लिहिण्याचे काम मी त्याच प्रश्नकर्त्या बंधूंस सोपवू इच्छितो. कारण जो कळकळीने विचारतो तोच काळजीने मोजतो.

असो. लेख लांबला. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांनी आपले नाव न जाणता आपल्यासाठी मूठभर दाणे काढून ठेवले, त्या सर्व कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट, फ्रेंच आणि अमेरिकन जीवांस प्रभू सार्वकालिक विश्रांती देवो. जे त्या वर्षी आपल्या काळ्या मातीत मूठमाती मिळण्यासही मुकले, त्यांचे स्मरण आपल्या मिस्सात राहो. आणि आपली पाळी येईल तेव्हा आपला बैल जोडीस उभा करण्याची सुबुद्धी आपणा सर्वांस होवो, एवढीच त्या दयाघनाच्या चरणी प्रार्थना.

आपला सेवक,
धर्मगुरू